नवीन कोटा फरशीवर पांढरं आलंय, ऍसिड मारू का?

सातारा भागातल्या एका वाचकताईंचं पत्र आलंय. ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देतोय.

"गावाबाहेर प्लॉट घेऊन घर बांधलं. मागे साधारण सहाशे स्क्वेअर फुटाचं अंगण आहे. मिस्टरांना तिथे पार्किंग टाइल्स हव्या होत्या, मी हट्टाने निळा रफ कोटा घालून घेतला, कारण मला अंगणात दगडच हवा होता. काम ऑगस्टमध्ये झालं, पाऊस चालूच होता. गणपतीत सुंदर दिसत होतं. दिवाळीच्या आधीपासून सांध्यांच्या कडेने पांढरं यायला लागलं आणि आता निम्म्या अंगणावर पसरलंय. रोज सकाळी पाइप लावून धुते, ओलं असेपर्यंत एकदम स्वच्छ, दुपारी बघावं तर परत पांढरं. शिवाय काही फरश्यांच्या कडा कायम ओल्या असल्यासारख्या काळपट दिसतात, नळाजवळ तपकिरी डाग आहेत, पायरीपाशी राखाडी खरखरीत थर आहे, दोन ठिकाणी तांबूस ठिपके आलेत आणि दिवाळीच्या पणत्यांचे तेलाचे गोल वेगळेच. मिस्त्री म्हणतो ऍसिड मारून एका दिवसात चकाचक करून देतो. शेजारचे म्हणतात सीलर मारा. मिस्टर म्हणतात उखडून टाक, मी आधीच सांगितलं होतं. मिस्त्रीचे पंधरा हजार द्यायचेत, ते देऊच नका असं सगळ्यांचं म्हणणं. पुढच्या महिन्यात मुलाचा साखरपुडा याच अंगणात ठरलाय. काय करू?"

ताई, बाकीचं पुढे वाचा, पण आधी मिस्त्रीला फोन करून सांगा की ऍसिड घेऊन येऊ नकोस. साखरपुड्याच्या घाईत तेवढी एक गोष्ट झाली ना, तर आत्ता जे निघण्यासारखं आहे तेही कायमचं होऊन बसेल.

का ते सांगतो. कोटा हा चुनखडीचा दगड आहे, राजस्थानात कोटा आणि रामगंजमंडीच्या खाणींतून येतो आणि तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. आता सिमेंटचं बघा. सिमेंटमध्ये पाणी पडलं की त्यातून थोडा मोकळा चुना सुटतो, हा चुना पाण्यात विरघळून वर येतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याला भेटतो आणि पांढरा थर तयार होतो, तोही कॅल्शियम कार्बोनेटच. म्हणजे तुम्हाला जे काढायचंय ते आणि ज्याच्यावरून काढायचंय ते, दोन्ही एकच. ऍसिडला त्यातला फरक कळत नाही, ते दोघांनाही खातं. मिस्त्री बाथरूमचं ऍसिड ओतेल, फसफस होईल, फेस येईल, सगळ्यांना वाटेल वा काय घाण निघतीये, आणि त्या फेसात निम्मा तुमचा दगड असेल. वाळल्यावर निळेपणा जाऊन फरशी फिकट, खडूसारखी दिसायला लागते आणि ते परत आणायला मशीनने घासण्याशिवाय उपाय नाही, आणि रफ फिनिश घासला की तो रफ राहत नाही. वर आणखी एक, बाथरूमचं ऍसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक ऍसिड, ते आणि चुनखडी मिळून कॅल्शियम क्लोराइड बनतं, ते हवेतली ओल ओढून घेतं, म्हणजे चांगलं धुतलं गेलं नाही तर फरशीवर आधी नव्हते तिथे ओलसर डाग.

मिस्त्री तुम्हाला फसवतोय असं मात्र मला वाटत नाही. व्हिट्रिफाइड टाइल्सवर सिमेंट राहिलं की हलकं ऍसिड मारायचं ही त्यांची रोजची सवय, टाइलला त्याने फारसं काही होत नाही, आणि तीच सवय ते सगळीकडे नेतात. खात्री करायची असेल तर उरलेल्या फरशीचा एक तुकडा घ्या, खिळ्याने थोडा खरवडून त्या भुकटीवर लिंबू पिळा. बारीक बुडबुडे येतील. मिस्त्रीला बोलवून त्याच्यासमोर करा, वाद घालण्यापेक्षा हे बरं.

आता पांढऱ्याकडे येऊ, कारण पत्रातला जीव त्यातच आहे.

तुम्ही धरून चाललाय की वरून काहीतरी लागलंय आणि ते पुसायचंय. मला तुमच्या पत्रातली जी ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटली ती तुम्ही सहज लिहून गेलात, रोज सकाळी पाइप लावून धुते. ताई, ते पांढरं वरून आलेलं नाही, खालून येतंय, आणि त्याला वर यायला जे वाहन लागतं ते म्हणजे पाणी, आणि ते पाणी तुम्ही रोज सकाळी पुरवताय. हे होतं असं. ऑगस्टच्या पावसात काम झालं म्हणजे खालचा सिमेंट-वाळूचा माल, त्याखालचा मुरूम, सगळं भिजलेलं. वरून फरशी बसली, सांधे भरले, झाकण लागलं. मग ऑक्टोबरचं ऊन पडलं, आतलं पाणी वर यायला लागलं, सगळ्यात सोपी वाट सांध्यांतून म्हणून आधी सांध्यांच्या कडेने दिसलं. पाणी उडून गेलं, बरोबर आणलेला चुना आणि क्षार वर राहिले. आपल्याकडे जुन्या भिंतींना लोणा फुटतो तोच हा प्रकार, नवीन कामात थोडाफार येणं अगदी नेहमीचं आहे आणि आतला साठा संपला की आपोआप कमी होत जातो. पण साठा संपायला आतली ओल संपायला हवी ना. तुम्ही धुता, वरचे क्षार विरघळून सांध्यातून परत खाली जातात, दुपारी परत वर येतात. तुमची मेहनत खरी आहे पण ती त्यालाच जगवतीये.

त्यात पाणी कुठलं हेही बघा. गावाबाहेरचा प्लॉट म्हणजे बहुतेक बोअरचं असणार, आणि बोअरचं पाणी जड असेल तर ते वाळलं की स्वतःच पांढरं ठेवून जातं, बादलीच्या आतल्या कडेला बघा, तिथे कडक पांढरी रेघ असेल तर तीच गोष्ट अंगणात चाललीये. क्युअरिंगलाही हेच मारलं असेल. आणि एक विचारतो, आरओचं वाया जाणारं पाणी वाया कशाला घालवायचं म्हणून अंगणात तर ओतत नाही ना? बऱ्याच घरांत ओततात. ते सगळ्यात वाईट, कारण मशीनने गाळून बाजूला काढलेले क्षार त्यात एकवटलेले असतात. कोणी म्हणेल आमचं पाणी टेस्ट केलंय, बांधकामाला पास आहे. असेलही. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात पाण्याच्या मर्यादा दिल्यात, सल्फेट लिटरला ४०० मिलिग्रॅम, सळई नसलेल्या काँक्रीटला क्लोराइड २००० आणि सळई असेल तर ५००, पण त्या मर्यादा काम मजबूत राहावं म्हणून आहेत, फरशी पांढरी पडू नये म्हणून नाहीत. पास झालेल्या पाण्यानेही लोणा फुटतो.

तर करायचं काय? पाइप बंद. सडा घालायची सवय असेल तर दारापुढे घाला, मागच्या अंगणात महिनाभर नको. सकाळचं दव गेलं की कोरड्या खराट्याने किंवा नायलॉनच्या कडक ब्रशने पांढरं झाडून काढा, तारेचा ब्रश अजिबात नको, त्याचे लोखंडी कण दगडात अडकतात आणि पावसाळ्यात गंजतात. झाडलेलं सुपलीत गोळा करून बाहेर टाका, पाण्याने वाहवू नका, घरी व्हॅक्यूम क्लीनर असेल तर त्याने ओढून घ्या. एक-दोन दिवसांआड हेच. यात चकाचक वगैरे काही होत नाही, आधीच सांगतो, पण दर वेळी थोडं कमी येतंय का ते दिसेल आणि तेच बघायचंय.

झाडलेल्या त्या भुकटीतली चिमूटभर एका काचेच्या ग्लासात चांगल्या पाण्यात टाकून ढवळा (रांगोळी काढता ती जागा सोडून घ्या, नाहीतर रांगोळीचीच परीक्षा व्हायची). विरघळली तर क्षार आहेत, झाडूनच काम होईल, आणि शेवटी ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरड्याने टिपून घेतलं की संपलं. तळाशी तशीच बसली तर तो घट्ट झालेला चुना, तो नुसत्या पाण्याने जाणार नाही, पावसाच्या पाण्याने दोन-तीन पावसाळ्यांत विरत जातो, आणि तेवढं थांबायचं नसेल तर नायलॉनच्या घासणीने हाताने घासणं एवढंच. ओलं असताना स्वच्छ दिसतं म्हणून फसू नका. पातळ पांढरा थर ओला झाला की पारदर्शक दिसतो, गेलेला नसतो.

यापुढचा प्रश्न खरा, की ओल फक्त ऑगस्टचीच आहे का रोज नवीन येतीये. यासाठी दूध-पिशवीपेक्षा जाड अशा प्लॅस्टिकचा दीड-दोन फुटी तुकडा घ्या, एका काळपट कडेच्या फरशीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद लावा, सोळा ते चोवीस तास ठेवा. असाच दुसरा तुकडा नळापासून लांब, चांगल्या दिसणाऱ्या जागी. काढल्यावर खाली पाण्याचे थेंब किंवा गडद ओलसर चौकोन दिसला तर खालून ओल येतीये. दोन्हीकडे सारखीच असेल तर बहुतेक पावसाळ्याचीच आहे, उन्हाळ्यापर्यंत जाईल. नळाजवळच जास्त असेल तर नळ गळतोय, किंवा वॉशिंग मशीनचं पाणी तिथे सुटतंय, किंवा ढाळ उलटा आहे. ढाळ बघायला एक बादली पाणी ओता, हे एकदाच, अर्ध्या तासाने जिथे डबकं राहिलं तिथे खडूने गोल करून फोटो काढा. उघड्या अंगणाला ऐंशीला एक तरी ढाळ हवा, म्हणजे दहा फुटांत दीड इंच. तुमच्याकडे काळी माती असेल आणि मुरमाखाली पाण्याला बाहेर जायला वाटच ठेवली नसेल तर पाणी तिथेच साठून राहतं, तेव्हा अंगणाच्या खालच्या कडेला चर काढून पाण्याला वाट करून देणं हा उपाय, फरशीवर काहीही चोपडून तो होत नाही.

कडा काळपट दिसतात ते याच्याशीच जोडलेलं आहे. सांधे भरताना ओला माल कडेने दगडात मुरतो आणि वाळायलाही तिथेच वेळ लागतो, त्यामुळे चौकट उमटते. बहुतेक चौकटी उन्हाळा संपेपर्यंत फिकट होतात. फरशीच्या मधोमध गोल गोल डाग दिसत असतील तर मात्र वेगळी शंका, मिस्त्रीने सगळीकडे माल न पसरता ठिकठिकाणी गोळे ठेवून वर फरशी दाबलीये का? लाकडी दांड्याने किंवा नाण्याने वाजवून बघा, भरीव फरशी टणक वाजते, पोकळ असेल तर आवाजच सांगतो. ज्या पोकळ वाजतील त्यांच्यावर खडूने फुली मारा.

सीलर, म्हणजे पाणी आणि डाग मुरू नयेत म्हणून दगडावर मारायचं लिक्विड? शेजाऱ्यांचा सल्ला वाईट नाही, वेळ चुकीची आहे. आत्ता सीलर मारणं म्हणजे ओल आत कोंडणं. चकाकी देणारा, वर पापुद्रा धरणारा कोटिंगवाला प्रकार मारलात तर क्षार त्याच्याखाली साठतील, कोटिंग दुधाळ होईल, सोलेल, आणि कोटा मुळात थराथरांचा दगड, क्षार आत साठून फुगायला लागले की दगडाचेच पापुद्रे निघतात. माझं मत विचाराल तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत काहीच मारू नका. पुढच्या एप्रिल-मेमध्ये प्लॅस्टिकची टेस्ट परत करा, कोरडी आली तर आणि तरच दगडात मुरणारा, वाफ बाहेर जाऊ देणारा, सिलेन-सिलोक्सेन प्रकारचा सीलर आधी एका कोपऱ्यात लावून बघा. न लावलात तरी काही बिघडत नाही, आपल्याकडे शहाबादी फरश्यांची अंगणं सीलरचं नाव न ऐकता पिढ्या काढतात.

बाकीचे डाग झटपट घेतो. नळाजवळचं तपकिरी, तिथे कामाच्या वेळी ओली गोणपाटं, प्लायवूड किंवा बांबू पडून होते का आठवा, त्यांचा रंग उतरतो तो असाच दिसतो, सागाची किंवा बदामाची पानं कुजूनही असंच होतं. यावर मुलतानी मातीत मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड घालून दह्याइतका घट्ट लेप करायचा, हातमोजे घालून, अर्धा सेंटिमीटर जाड थापायचा, वर प्लॅस्टिक, एक दिवसाने प्लॅस्टिक काढून लेप पूर्ण वाळू द्यायचा, मग लाकडी पट्टीने खरवडायचा. एकदा करून फिकट झालं तर परत करा. काहीच फरक नाही तर तो या जातीचा डाग नाही, जोर लावू नका.

तांबूस ठिपके म्हणजे गंज. जवळून बघा, बायंडिंग वायरचा तुकडा किंवा खिळा सांध्यात अडकलेला असेल, चिमट्याने काढा, अर्धं काम तिथेच होतं. उरलेल्याला ब्लीच लावू नका, गंजावर ते काही करत नाही. ऍसिड नसलेला रस्ट रिमूव्हर मिळतो, लोखंडाला लागला की जांभळा होतो आणि वासही मारतो, तो आधी उरलेल्या तुकड्यावर लावून बघा. ठिपका दगडाच्या आतल्याच लोखंडाचा असेल तर तो परत येणार, तेव्हा त्याच्याशी जमवून घ्या.

पायरीपाशी राखाडी खरखरीत आहे ते सांडलेलं सिमेंट, वेळेत पुसलं नाही म्हणून बसलेलं. हे मात्र शंभर टक्के मिस्त्रीचं काम. प्लॅस्टिकच्या खरवडणीने आणि हाताच्या पॉलिशच्या बट्टीने हळूहळू त्यानेच काढून द्यायचं, ऍसिडशिवाय, वेळ लागतो म्हणून त्यांना कंटाळा येतो एवढंच.

पणत्यांचे गोल. आधी नुसती कोरडी मुलतानी माती दाबून एक रात्र ठेवा, जेवढं तेल वर आहे तेवढं ओढेल, मग भांड्यांच्या लिक्विडमध्ये कालवून वर सांगितला तसा लेप. पुढच्या वर्षी पणत्या ताटलीत किंवा पानावर.

आता पैशाचं. पंधरा हजार देऊच नका हा सल्ला मला पटत नाही. पांढरं येणं हा सगळा त्याचाच दोष नाही, भर पावसात काम करायचं हे कोणी ठरवलं? तारीख तुम्ही दिली असेल आणि त्याने नको म्हटलं नसेल, तर ते दोघांचं. पण पोकळ फरश्या, उलटा ढाळ, न पुसलेलं सिमेंट हे त्याचं, ते त्याला नाकारता येणार नाही. म्हणून फुल्या मारलेल्या फरश्या, डबकं, पायरी, यांचे फोटो काढून व्हॉट्सऍपवर पाठवा, खाली सरळ लिहा की एवढं करून द्या आणि उरलेले घेऊन जा, आणि जमलं तर थोडे आत्ताच द्या. पूर्ण अडवलेत तर तो दुसऱ्या साइटवर निघून जाईल, फोन उचलणार नाही, आणि त्या पोकळ फरश्या बसवायला नवीन माणूस आला की तो आधीच्याच्या नावाने बोटं मोडत दुप्पट मागेल. तुमच्या या मिस्त्रीकडून एवढं मात्र विचारून लिहून ठेवा, मालाचं प्रमाण काय होतं, वाळू होती का क्रशसँड, पाणी कुठलं, खाली प्लॅस्टिक किंवा खडी घातली होती का. पुढे कोणालाही दाखवायचं झालं तर पहिल्यांदा हेच विचारतील.

उखडायचं का? आत्ता तरी कारण दिसत नाही. फरश्या मोठ्या संख्येने पोकळ निघाल्या, ढाळ घराच्या भिंतीकडे असला, किंवा पापुद्रे सुटायला लागले तर त्या भागापुरतं उचलावं लागेल, अख्खं नाही. आणि मिस्टरांना एक सांगा, याच मुरमावर, याच मालात, याच बोअरच्या पाण्याने पार्किंग टाइल्स बसवल्या असत्या तर त्यांच्याही सांध्यांतून हेच आलं असतं, त्या टाइल्स सिमेंटच्या असतील तर अंगातूनही. दगड निवडला म्हणून हे झालेलं नाही. पत्र वाचताना मला जाणवत होतं की डाग किती हा प्रश्न एकीकडे आणि माझा हट्ट चुकला का हा प्रश्न दुसरीकडे, आणि दुसऱ्याचं ओझं जास्त आहे. म्हणूनच तुम्ही रोज सकाळी पाइप घेऊन उभ्या राहताय, घरातले उठायच्या आत अंगण स्वच्छ दिसावं म्हणून. हे मी अंदाजाने म्हणतोय, चुकत असेन तर सोडून द्या. पण घरात सगळ्यांना एकदा ते प्लॅस्टिक उचलून खालचे थेंब दाखवा, मग बोलणं तुमच्या आवडीवरून हटून पाण्यावर जाईल, आणि पाण्याचं काहीतरी करता येतं.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी, म्हणजे ज्यांचा दगड कोटा नाही. शहाबादी, तांदूर, कडप्पा, पिवळा जेसलमेर हे सगळे चुनखडीचेच, त्यांना वरचं सगळं जसंच्या तसं लागू. आपला काळा दगड म्हणजे बेसाल्ट आणि ग्रॅनाइट ऍसिडला बरेच टिकतात, पण त्यांच्या सांध्यांतलं सिमेंट टिकत नाही, म्हणून तिथेही हात आखडताच. लाल मंडाना वगैरे वालुकाश्म म्हणजे सँडस्टोन असेल तर ऍसिडने त्यातलं लोखंड सुटून तांबूस डाग उमटू शकतात. इंग्लंडमधल्या आपल्या मंडळींनी हे विशेष वाचावं, कारण तिकडे घरामागे घालतात तो इंडियन सँडस्टोन बराचसा राजस्थानचाच, आणि विटांवरचं सिमेंट काढायचं ऍसिड दुकानात सहज मिळतं म्हणून लोक तेच ओततात. कोकणात जांभा असेल तर तुमचा त्रास पांढऱ्यापेक्षा शेवाळाचा, त्याला ब्लीचिंग पावडर चालते, पण अख्ख्या महाराष्ट्राला हात जोडून सांगणं आहे की ब्लीच आणि ऍसिड, किंवा ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर, एकावर एक कधीच टाकू नका. क्लोरीन वायू निघतो, उघड्या अंगणातही श्वास कोंडतो.

राहिला साखरपुडा. आजपासून पाणी बंद, एक-दोन दिवसांआड कोरडं झाडणं, मिस्त्रीकडून पायरी आणि पोकळ फरश्या, दोन-तीन लेप, एवढं महिन्याभरात आरामात होतं. आदल्या दिवशी सकाळी ओलं फडकं, लगेच कोरडं फडकं. कार्यक्रमाच्या दिवशी सतरंज्या अंथरा, पण संध्याकाळी उचला, आणि ते हिरवं प्लॅस्टिकचं गवत भाड्याने आणून आठवडाभर ठेवायचा मोह टाळा, त्याखाली ओल कोंडते. थोडं पांढरं तरी राहीलच. मुलीकडची मंडळी वर मांडव बघतील, खाली सतरंजी बघतील. पुढे लग्नाची हळदही तिथेच असेल तर सांडलेल्या हळदीवर साबण घालू नका, ती लाल होते आणि घरात ओरडा होतो. फडक्याने टिपून उन्हावर सोडा, हळदीचा रंग उन्हात उडतो.

पंधरा दिवसांनी परत लिहा. प्लॅस्टिकच्या दोन्ही टेस्टचं काय झालं, ग्लासात भुकटी विरघळली का, डबकं कुठे राहिलं, एवढं कळवा आणि फोटो दुपारचे पाठवा, अंगण कोरडं असतानाचे.